सहा पिंजरे आणि सात खडे

कर्जतच्या अलीकडे चहाला थांबले, तेव्हा टपरीवाल्याने माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर रचलेले सहा पिंजरे पाहिले.

"पोपट हायेत का वं?"

"नाही, उंदरांचे आहेत."

"इकायला?"

"नाही. धरायला चालले आहे. आधी कर्जतला, मग सोनईला."

त्याने गाळणी तशीच हवेत धरून माझ्याकडे नीट बघितलं. पांढरे केस, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट, गाडी पुण्याची. "पुन्यातलं संपलं व्हय?" एवढंच त्याने विचारलं आणि चहाचे पैसे घेताना त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी खरीखुरी काळजी होती.

पुण्यातले संपले नव्हते. एका प्रयोगशाळेत मी जन्मभर पांढरे उंदीरच सांभाळत आले. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. रक्तातल्या एकाच प्रथिनाच्या मागे मी तेरा वर्षं लागले आहे. त्याचं नाव ॲडिपोनेक्टिन. लांबलचक आहे म्हणून एकदाच सांगते, पुन्हा घेणार नाही. हे प्रथिन तयार करून रक्तात सोडते ती शरीरातली चरबीच. ते रक्तातून फिरत यकृताला सांगतं की साखर बनवणं आवर, आणि स्नायूंना सांगतं की चरबी जाळा. गंमत अशी, की उंदीर लठ्ठ होत गेला की चरबी वाढते, पण हे प्रथिन कमी कमी होत जातं, आणि मग रक्तातली साखर हट्टी पाहुण्यासारखी जागची हलत नाही.

हे सगळं आमच्या पांढऱ्या उंदरांत मी हजार वेळा पाहिलं आहे. पण गेल्या वर्षी मे महिन्यातल्या आमच्या वार्षिक सभेत एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई, तुमचे उंदीर हॉटेलात राहतात. वेळेवर जेवण, बारा महिने एसी. त्यांच्यावरून खऱ्याखुऱ्या उंदराचं तुम्ही काय सांगणार?" सभा हसली. मीही हसले, आणि घरी येऊन रात्रीचं जेवले नाही. कारण म्हातारा खरं बोलला होता.

म्हणून निवृत्त होण्याआधी एकदा शेतातला उंदीर बघायचा, असं ठरवलं. कर्जतच्या कोरड्या रानात ज्वारीवर जगणारा, आणि सोनईच्या बागायतीत सगळा हिवाळा उसाच्या रसावर जगणारा. दोघांच्या रक्तात माझं प्रथिन किती, आणि उसातला इतकं गोड खाऊन साखर पचवतो कशी, एवढंच बघायचं होतं. परवानगी मिळाली तीही मोजून: दोन्ही ठिकाणी सहा सहा जनावरं, प्रत्येकाचे दोन-चार थेंब रक्त, आणि त्याच दिवशी धरलं तिथे सोडून द्यायचं. पुन्हा जायला ना हंगाम उरणार होता, ना माझी नोकरी.

कर्जत

अंकुशराव माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील. त्यांच्या शेतात पोचले तर हातात आधी तांब्या आला आणि तळहातावर गुळाचा खडा. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे पाहुण्याला आधी "कसे आलात, एसटी वेळेवर होती का" विचारतात, मग पाणी. इथे गूळ-पाणी पोटात गेल्याशिवाय नाव विचारायचीही पद्धत नाही. मी गूळ खिशात ठेवायला लागले तर अंकुशराव म्हणाले, "खा की. त्ये काय खानं न्हवं."

हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं. त्याची किंमत तीन दिवसांनी कळली.

अंकुशराव उंदराची बिळं अशी दाखवत होते, जशी आमच्याकडे लोक नातेवाइकांची घरं दाखवतात. "ह्ये रिकामं हाय. तोंडावर कोळ्याचं जाळं बघा. ह्ये चालू हाय, माती वली हाय. आन् ह्या बिळात बाई लई कष्टाळू हाय, कनसं बघा किती वढून न्हेलीत." मी विचारलं, बाई कशावरून? तर म्हणाले, "बाप्या एवढं साठवून ठेवतोय का कवा?"

पिंजरे लावून झाले आणि मग हुरडा. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं खुपसायची, बाहेर काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि पुन्हा गूळ. पहिल्याच कणसाला माझा तळहात भाजला. अंकुशरावांच्या पत्नी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या आणि नंतर माझा हुरडा त्याच चोळून देऊ लागल्या. मी इतका खाल्ला, की बोरीच्या झाडाखाली जरा पाठ टेकते म्हणाले ती थेट ऊन उतरल्यावर उठले. प्रयोगशाळेत इतक्या वर्षांत कामाच्या वेळी एकदाही झोपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सहा पिंजरे भरलेले. उंदीर लहानखुरे, चपळ आणि रागीट. रक्तातली साखर तपासायची तर जनावर काही तास उपाशी पाहिजे, नाहीतर काय खाल्लं त्याचीच साखर दिसते. अंकुशरावांनी पिंजरे खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. दुपारी रक्त घेतलं. सगळं पुस्तकात असतं तसं निघालं: साखर बेताची, अंगावर चरबी नावाला. संध्याकाळी त्यांना त्यांच्या त्यांच्या बिळाशी सोडलं. त्या कष्टाळू बाईने पिंजऱ्यातून निघताना माझ्या बुटाला चावा घेतला.

सोनई

कर्जतहून वर यायला लागलं की रान हळूहळू रंग बदलतं. बोरी-बाभळी मागे पडतात, पाटाचं पाणी दिसायला लागतं आणि मग ऊस सुरू होतो तो संपत नाही. सोनईच्या अलीकडे कारखान्याच्या मळीचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. पहिल्यांदा नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटलं.

सोनईजवळची ही वस्ती म्हणजे आमच्या प्राणिगृहातल्या शांताबाईंचं माहेर. शांताबाई वीस वर्षं आमच्या पांढऱ्या उंदरांना आईच्या मायेने वाढवतायत. त्यांचे भाऊ भाऊसाहेब, वहिनी मंगल, आणि आई, जिला सगळी वस्ती आक्का म्हणते. आक्का पंचाहत्तरीच्या. गुडघे दुखतात म्हणून वाकणं एकदाच, पण चालणं दिवसभर. गळ्यात तुळशीची माळ.

गूळ-पाणी झालं. मग मी उंदरांसाठी पुण्याहून आणलेलं आमिष काढलं: सुके बोंबील. आमच्या कोकणात बोंबलाच्या तुकड्याला न आलेला उंदीर अजून जन्मायचा आहे. पिशवीचं तोंड उघडलं मात्र, मंगलने पदर नाकाला लावला, भाऊसाहेब दोन पावलं मागे सरले आणि आक्का शांतपणे म्हणाल्या, "ताई, ती पिशवी आदी गाडीत ठिवा. आन् गाडी तिकडं लांब लावा."

माळकरी घर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आक्का मंगलला म्हणाल्या, "भजी कर गं. कांद्याची." आणि कढई चढली. निम्मी भजी उंदरांना आणि निम्मी आम्हाला. कुणाला कुठली चांगली लागली ते सांगता येणार नाही, पण माझ्या वाट्याची मी दोनदा मागून घेतली.

भाऊसाहेबांचा उसाचा शेवटचा एकच फड उभा होता. परवा सकाळी तोडणीवाली टोळी येणार होती. म्हणजे उद्याची एकच सकाळ माझ्या हातात. भाऊसाहेबांना उंदरांविषयी बोलायला लावलं की थांबत नसत. "आख्खा ऊस मुळाशी कुरतडत्यात. उंदीर कसल्या, घुशी हायेत त्या. तुमी धरून नेताय, लई पुन्य लागंल."

"नेणार नाही," मी म्हणाले. "रक्त घेऊन इथेच सोडणार."

भाऊसाहेबांच्या हातातलं भजं हातात राहिलं. "सोडनार? धरलेली घूस? आमच्याच उसात?"

"तशी परवानगी आहे."

"पुन्याहून येऊन, भजी घालून, धरून, पुन्यांदा सोडनार," त्यांनी मंगलला सगळं क्रमाने सांगितलं, म्हणजे आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असेल तर ती तिथेच निघावी. मंगल तोंडावर पदर घेऊन हसत होती.

जेवताना भाऊसाहेबांनी विचारलंच, की रक्तात नेमकं काय बघणार. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा समोर असताना मी माझं प्रथिन समजावून सांगितलं. विद्यापीठात पाऊण तास लागतो, इथे दोन घासांत झालं. साखर रक्तात पडून असते, स्नायू बसून असतात, हे प्रथिन येऊन त्यांना हलवतं.

"म्हंजी मुकादम," भाऊसाहेब म्हणाले. "ऊस उभा हाय, टोळी कोयतं घिऊन बसलीया. पर मुकादम आल्याबिगर कोन उठत न्हाई."

मी घास तसाच ठेवला. तेरा वर्षांत इतकी सोपी उपमा मला सुचली नव्हती. म्हटलं, "बरोबर. आणि जनावर फार लठ्ठ झालं की हा मुकादमच येईनासा होतो."

"व्हनारच. टोळी लई मोटी झाली की मुकादमाचं ऐकतंय कोन!"

आक्कांनी विचारलं, "उसातल्या घुशी तर निस्ता रस पिऊन ऱ्हात्यात. त्यांचा मुकादम हाय का गेला, त्येच बघनार तुमी?"

"तेच, आक्का. तेवढ्यासाठीच आले आहे."

"असंल," त्या म्हणाल्या. "दिसभर पळत्यात की त्या." आणि उठून आपलं जेवण थांबवून गोठ्यात गेल्या, कारण गाईला घास द्यायचा राहिला होता. गोठ्यातल्या जनावराच्या आणि दारातल्या कुत्र्याच्या तोंडात काही पडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मी मात्र सगळ्यांना बजावून ठेवलं: सकाळी उंदीर सापडले की त्यांना कुणी काहीही खायला द्यायचं नाही. तिघांनीही माना डोलावल्या. आक्का तर म्हणाल्या, "न्हाई देत बाई. तुमचं जनावर, तुमचा कायदा."

सकाळी उजाडता उजाडता फडात गेलो तर सहाही पिंजरे भरलेले. या घुशी कर्जतच्या उंदरांच्या दुप्पट, आणि शिव्या घालण्यात चौपट. एकमेकींना पाहून पिंजऱ्यावर धडका मारत होत्या. म्हणून सहा जणींना सहा ठिकाणी ठेवलं: एकीला गोठ्यात, एकीला देवाच्या फुलझाडांशी, एकीला रस्त्याकडेच्या शेवग्याखाली, एकीला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, एकीला मागच्या पडवीत आणि सहावीला चुलीजवळच्या लिंबाखाली. दहा वाजता रक्त घ्यायचं ठरवलं.

आणि मग लक्षात आलं की बर्फाच्या डब्यात कर्जतच्या नळ्यांभोवती आता फक्त गार पाणी उरलं आहे. रक्त बर्फावर नसेल तर पुण्यात पोचेपर्यंत ते वाया जाणार. भाऊसाहेबांनी फटफटी काढली. सोनईच्या बाजारात शीतपेयांच्या दुकानात बर्फ मिळाला. दुकानदाराने विचारलं, "लगीन हाय का घरी?" भाऊसाहेब म्हणाले, "उंदरांचं रगत न्यायचंय," आणि दुकानदाराने पुढे काहीच विचारलं नाही.

येताना उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी पडलेली. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, आणि त्या रांगेतले सगळे जण उतरून ऊस खात उभे. ट्रॅक्टरवाला स्वतःच वाटत होता. "खा आता, पडलाच हाय तर." मीही मैलाच्या दगडावर बसून एक कांडकं सोललं. दातांनी ऊस सोलायला मला भाऊसाहेबांनी शिकवलं आणि तो रस हनुवटीवरून ओघळत असताना मी घड्याळाकडे पाहायचं विसरले. पोचेपर्यंत दहा वाजत आले होते.

दारात आलो, तर आक्का मागच्या पडवीतून बाहेर येत होत्या. हातात पितळी वाटी.

"आक्का, वाटीत काय आहे?"

"गूळ हुता. सरला."

"कुणाला दिलात?"

"त्यास्नी," आक्कांनी पडवीकडे बोट केलं. "समद्यास्नी दिला. आन् वरून चूळभर पानी."

मला जिन्यावरून पाय घसरल्यावर होतं तसं झालं. "मी खायला देऊ नका म्हणाले होते ना?"

"खायला कुटं दिलं!" आक्कांना माझं बोलणं खरोखर कळेना. "दारात आलेल्याला गूळ-पानी न्हाई दिलं तर कसं? भाकरीचा तुकडासुदिक न्हाई दिला म्या. तुमी सांगितल्यालं ध्येनात हुतं."

मी तिथेच बर्फाच्या डब्यावर बसले. रागावले, हे कबूल करते. त्या घरचं दोन दिवस खाऊन त्याच घरात आवाज चढवला. एक सकाळ होती, तीही गेली. तुम्हाला कल्पना आहे का आक्का, म्हणाले. आक्का बिचाऱ्या मधेच काही सांगू पाहत होत्या. "अवं पर त्या लिंबाखालच्या..." मी हाताचा पंजा वर करून त्यांना थांबवलं. प्रयोगशाळेत मी असाच पंजा करते. तिथे सगळे थांबतात. आक्काही थांबल्या.

मंगलने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि सहज म्हणाली, "आत्त्यांनी एकदम न्हाई दिला वो. कामं करता करता, जाता-येता दिला. वाकवत न्हाई ना त्यास्नी, एकाएकीला एकएक डाव वाकायचं."

पाणी अर्ध्या घशात असताना मला ते समजलं. आम्ही प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम साखर पाजतो आणि नंतर थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासतो. साखर किती चढते आणि किती लवकर उतरते, यावरून मुकादम कामावर आहे की नाही ते कळतं. आक्कांनी नकळत नेमकं हेच करून ठेवलं होतं, एका जनावरावर सहा वेळा करण्याऐवजी सहा जनावरांवर एकेकदा. फक्त वेळा पाहिजे होत्या.

"खडा केवढा होता, आक्का?"

"हरभऱ्याएवडा. समद्यास्नी सारखा. मी काय भेद करती व्हय?" मग त्या जरा थांबल्या. "फकस्त ती लिंबाखालची..."

"आधी वेळा सांगा, आक्का. वेळा!" माझा पंजा पुन्हा वर गेला.

आक्कांकडे घड्याळ नव्हतं, पण सकाळ सगळी पाठ होती. गोठ्यातलीला कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा दिला. भोंगा आठचा, त्यात वाद नाही. फुलझाडाशी होती तिला, देवाची फुलं तोडताना. "म्हणजे किती वाजता?" तर मंगल म्हणाली, "डेअरीची गाडी नुकतीच गेल्ती." शेवग्याखालचीला, मुलांच्या शाळेची गाडी थांबली तेव्हा. लिंबाखालचीला, मंगलने पहिली भाकरी तव्यावर टाकली तेव्हा. मोटारीच्या खोलीतलीला, लाईट आली आणि आक्का मोटर चालू करायला गेल्या तेव्हा. लाईट आल्याची नेमकी वेळ भाऊसाहेबांच्या मोबाईलवरच निघाली, कारण आली की लगेच वस्तीच्या ग्रुपवर कुणीतरी "आली" असं टाकतं. आणि पडवीतलीला? "तुमची फटफटी वळनावर वाजली तवा."

वहीत सहा वेळा मांडल्या आणि भराभर रक्त घ्यायला लागले. भाऊसाहेब कापडी पिशवीतून घुशी धरत होते, मी शेपटीच्या टोकाशी थेंब घेत होते, मंगल नळ्यांवर नंबर घालत होती. आकडे इथे देत नाही, पण चित्र सांगते. पडवीतली, जिला आत्ताच गूळ मिळाला, तिची साखर नुकती चढू लागलेली. मोटारीच्या खोलीतली पार शिखरावर. शेवग्याखालची निम्म्यावर उतरलेली. फुलझाडाशी होती ती त्याहून खाली, आणि भोंग्याची बाई जणू काही खाल्लंच नाही अशी. अख्खा हिवाळा ऊस कुरतडणाऱ्या जनावराने गुळाचा खडा एखाद्या पैलवानासारखा पचवला होता. मी अंगणातच मोठ्याने हसले. भाऊसाहेबांना वही दाखवली तर म्हणाले, "मुकादम हाजर हाय म्हना की!"

फक्त लिंबाखालची सहावी बसेना. तिला गूळ मिळून बराच वेळ झाला होता, आणि साखर अजून वरच. हाताला जड लागली, पोट सुटलेलं. मी वहीत तिच्यापुढे लिहिलं: "लठ्ठ." आणि आनंदात मिठाचा खडा पडला. कारण जंगली जनावरही उसावर लठ्ठ होतं आणि त्याची साखर अडकते, असं निघालं तर त्या ज्येष्ठ गृहस्थांसमोर मी पाच घुशींच्या जोरावर काय बोलणार होते?

दुपारी सोडायची वेळ आली. भाऊसाहेब एकेक पिंजरा उचलताना "जा, खा आमचा ऊस, आता सरकारी परवानगीनंच खा," असं म्हणत होते. सहावा पिंजरा आक्कांनी स्वतः उचलला, गुडघे दुखत असताना. बांधावर पाचटाचा, उसाच्या वाळल्या पानांचा, मऊ ढीग होता, तिथे त्यांनी दार उघडलं. "हिला हितंच बरं," एवढंच म्हणाल्या. मी घाईत होते, बर्फ वितळत होता. निघताना आक्कांनी गुळाची ढेप गाडीत ठेवली, बोंबलाच्या पिशवीपासून शक्य तितकी लांब.

पुण्यात परत

शेजारच्या देवस्थानाच्या गावात घरांना दारं नसतात, हे शांताबाई मला नेहमी अभिमानाने सांगायच्या. घाईत तेही बघायचं राहिलं. रक्त मात्र बर्फावर सुखरूप पोचलं. आठ दिवसांनी प्रथिनाची मापं हातात आली. पाच घुशींच्या रक्तात माझा मुकादम भरपूर होता, कर्जतच्या सडपातळ उंदरांच्या तोडीस तोड. सहावीचं काहीच कशाशी जुळेना. पाच-सहा जनावरांवर कुणी सिद्धांत मांडत नाही, हे मला कळतं. पण त्यातली एक उलटी साक्ष देत असेल तर झोप लागत नाही, हेही तितकंच खरं.

त्याच आठवड्यात शांताबाईंनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे आक्का. आवाज नेहमीसारखाच, मनात काही न ठेवलेला.

"मुकादम घावला का ताई?"

"पाच जणींचा सापडला, आक्का. सहावी फसवतेय. लठ्ठ होती ना, तिची साखर उतरलीच नाही."

"लिंबाखालची?"

"हो. तीच."

"अवं ती लठ्ठ कुटली! पोटुशी हुती ती."

"पोटुशी?"

"म्या बगितली की. बूड टेकून बसली हुती, तोंडानं पाचट वढत हुती पिंजऱ्यातलं. घर करायला बगत हुती. म्हनून तिला दोन खडं दिलं. दोन जिवाच्या बाईला एक खडा कुनी देत असतंय व्हय? तुमाला सांगनारच हुते, दोन डाव तोंड उगडलं. पर तुमी असा पंजा केला."

शांताबाई शेजारी उभ्या होत्या. मी डोळे पुसले तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी जन्मभर उंदीर हातात घेतले आहेत, शेकडो गाभण माद्या सांभाळल्या आहेत. प्रयोगशाळेत असती तर पहिल्याच दिवशी ओळखली असती. पण त्या सकाळी मी पिंजऱ्यात फक्त उत्तर शोधत होते, आणि आक्कांनी आत जनावर आहे हे पाहिलं होतं. दोन खडे आणि त्यातून गर्भारपण. साखर त्या वेळी वर असणार नाहीतर काय! उलटी साक्ष मुळात नव्हतीच. मुकादम सहाही पिंजऱ्यांत कामावर होता की नाही, हे मी आता मे महिन्यात त्या सभेत ताठ मानेने सांगू शकेन: पाचांत होता, आणि सहावी या परीक्षेला बसलीच नव्हती.

"आक्का, चुकले मी," म्हणाले. "ओरडले तुमच्यावर."

"त्ये जाऊ द्या. पर भाऊसायबाला नका सांगू हं. एक सोडली न धा आली, म्हनून डोस्कं खाईल माझं."

भाऊसाहेब पुण्यातली मासिकं वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिण्याचं धाडस केलं आहे.

फोन ठेवला आणि वही उघडली. सहाव्या ओळीतला "लठ्ठ" हा शब्द एका रेघेने खोडला, नियम आहे तसा, खालचं वाचता यावं म्हणून. वर लिहिलं: "पोटुशी. खडे दोन." त्या वहीत दर ओळीच्या शेवटी निरीक्षण कुणाचं त्याची सही असते, आणि तेरा वर्षं तिथे माझ्याशिवाय कुणाची सही नव्हती. त्या रकान्यात मी लिहिलं: "आक्का, सोनई."